सोऱ्या सध्या कोणाकडे आहे?

डिसेंबरच्या चोवीस तारखेला द्रुतगती मार्गावरून लोणावळ्यात उतरणाऱ्या माणसाला नाताळ शोधावा लागत नाही. नाताळच त्याच्या अंगावर येतो. हॉटेलच्या दारात प्लास्टिकचे झाड, झाडावर कापसाचा बर्फ, बर्फाखाली थर्माकोलचे हरीण आणि हरणाशेजारी लाल डगल्यातला नाताळबाबा. या नाताळबाबाचे पोट उशीचे असते, दाढी कानामागे रबराने अडकवलेली असते आणि डगल्याखालून रोजच्याच चपला दिसत असतात. चिक्कीच्या दुकानात लाल टोपी घातलेला पोऱ्या गिऱ्हाइकांना चवीपुरते तुकडे वाटत असतो आणि टोपीचा गोंडा सारखा परातीत उतरत असतो. रात्री ‘गाला डिनर’ असते, म्हणजे रोजचेच जेवण दुप्पट दराने. बाराच्या ठोक्याला मंडळी एकमेकांना ‘मेरी ख्रिसमस’ असे ओरडून सांगतात. ओरडणाऱ्यांत जोशी, शहा, अगरवाल आणि सिंग यांची इतकी गर्दी असते की चुकून एखादा डिसूझा सापडलाच, तर तो बहुधा सूप वाढत असतो. यावरून एक नियम मांडता येतो. लोणावळ्यात एखादे ठिकाण चित्रातल्या नाताळाच्या जितके जवळ जाईल, तितके ते ख्रिस्ती घरापासून लांब असते. नियम थट्टेचा वाटेल, पण त्याला पुरावा आहे, आणि बराचसा पुरावा डब्यात भरून ठेवता येतो.

आधी ही ख्रिस्ती घरे इथे आली कशी ते पाहू. ती द्रुतगती मार्गाने आली नाहीत, आगगाडीने आली. पुण्याकडून खंडाळ्यापर्यंतचा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला आणि बोरघाटाचा चढ १८६३ मध्ये पुरा झाला. घाट चढायला जादा इंजिने लागत, इंजिनांना शेड लागे, शेडला फिटर आणि ड्रायव्हर लागत, ड्रायव्हरला रविवारी चर्च लागे आणि चर्च झाले की पोरांना शाळा लागे. अशा साखळीने गाव उभे राहते. साहेब गेला, शेड राहिली, शाळा वाढल्या. ऑक्झिलियम कॉन्व्हेंट आणि डॉन बॉस्को ही नावे लोणावळ्यात दाखल्याच्या दिवसांत भक्तिभावाने घेतली जातात, आणि घेणाऱ्यांत ख्रिस्ती थोडेच असतात. नगर आणि पुण्याकडची मराठी प्रॉटेस्टंट कुटुंबे मास्तरकी, नर्सिंग आणि रेल्वेच्या नोकरीने पसरली. गोव्याची कॅथलिक मंडळी हॉटेलांच्या आणि बंगल्यांच्या स्वयंपाकघरांतून आली. देहूरोडचा लष्करी डेपो आणि तळेगावची औद्योगिक वसाहत यांनी मल्याळी आणि तमिळ घरे आणली. तेव्हा ‘मावळातला ख्रिस्ती नाताळ’ असे एकवचनात बोलणे थोडे धाडसाचे आहे. तरी या घरांना जोडणारी एक गोष्ट आहे. यांतली बहुतेक कुटुंबे अशा इमारतीत, चाळीत किंवा आळीत राहतात, जिथे समोरचे दार ख्रिस्ती नसते.

अशा घरातला नाताळ झाडाने सुरू होत नाही, सोऱ्याने होतो. सोऱ्या हे भांडे कागदोपत्री एका घराचे असले तरी वहिवाटीने आळीचे असते. दिवाळीत ते चार घरे फिरते आणि शेवटी कुठे मुक्काम करते हे त्याच्या मालकिणीलाही सांगता येत नाही. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजनापासून नाताळापर्यंत त्रेचाळीस दिवस होते, २०२५ मध्ये पासष्ट. पण अंतर कितीही असले तरी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चौकशी सुरू होतेच आणि सोऱ्या परत येतो तेव्हा चकलीची चकती गायब असते. मग चकतीचा तपास. ती सापडली की करंज्या, चकल्या, शंकरपाळी, रव्याचे लाडू, चिवडा आणि हौस असेल तिथे अनारसे. म्हणजे जे दिवाळीला तेच, त्याच क्रमाने, आणि ‘यंदा जरा तेलकट झाल्या’ या त्याच प्रस्तावनेसह. भर पडते ती कलकलांची. मैद्याची गोळी काट्याच्या पाठीवर किंवा कंगव्यावर दाबून तिची सुरळी करायची, तळायची आणि साखरेच्या पाकात घोळायची. हे काम मुलांकडे असते, त्यामुळे पहिल्या दहा सुरळ्या कलकलांसारख्या आणि उरलेल्या भूमितीला ठाऊक नसलेल्या आकाराच्या होतात. कंगवा नवा आहे, ही माहिती पाहुण्याला न विचारता पुरवली जाते. गोव्याच्या घरात करंजीच्या जागी नेवरी येते, दोदोल येते, अंगात बळ आणि दुपार मोकळी असेल तर थरावर थर चढवलेली बेबिंकाही येते. पण डबे तेच आणि डब्यांना कुलूप घालावे असा विचार करायला लावणारी मुलेही तीच.

आता हे असे का झाले? सोपे उत्तर असे दिले जाते की ही माणसे मुळात इथलीच, म्हणून खाणेही इथलेच राहिले. हे खरे आहे, पण अपुरे आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ठाऊक आहे की धर्म एका दिवशी बदलता येतो, स्वयंपाकघर मात्र इंचाइंचाने सरकते. पण सरकते खरे! दीडशे वर्षांत ते सरकत सरकत केकपर्यंत सहज पोचले असते, आणि पोचलेही आहे. तरी करंजी हटली नाही, याचे कारण मला केकातच दिसते. केकात अंडे असते. आणि पंचवीस डिसेंबर बहुतेक वर्षी मार्गशीर्षात येतो. मावळात मार्गशीर्ष म्हणजे गुरुवारची महालक्ष्मी, दत्तजयंती, आणि कितीतरी घरांत महिनाभर सामिष बंद. त्यात हा इंद्रायणीकाठचा वारकरी मुलूख. समोरच्या दारातले आजोबा गळ्यात तुळशीची माळ घालून बसलेले असतात आणि त्यांना मार्गशीर्ष असो वा आषाढ, अंडे चालत नाही. अशा आजोबांच्या घरी सणाचे काय द्यायचे? मटण नाही, कटलेट नाही, केक नाही. वाइनचा तर विषयच नको. तो विषय आजोबांच्या मुलाशी जिन्यात काढायचा असतो. उरते काय? करंजी उरते. ती कोणाच्याच व्रताला भिडत नाही, ती कशात तळली हे विचारणाराही ‘घरच्या तेलात’ एवढ्यावर समाधान मानतो आणि ती चार दिवस टिकते, म्हणजे ज्याचा आज उपास असेल तोही उद्या खाऊ शकतो. माझा मुद्दा एवढाच आहे. मावळातल्या ख्रिस्ती घराचा नाताळ बेथलेहेमात काय खात होते किंवा लंडनमध्ये काय खातात, या प्रश्नांवर ठरलेला नाही. तो समोरच्या दारात काय चालेल या प्रश्नावर ठरला आहे. हॉटेलातल्या नाताळाला समोरचे दार नसते, फक्त पार्किंग असते. म्हणून तो चित्रासारखा राहू शकतो.

केकचे पारडे उगाच हलके करण्याचा हेतू नाही. केक हवाच, आणि तो करण्याची पद्धतही काही कमी देशी नाही. घरोघर ओव्हन येण्यापूर्वी मैदा, साखर, डालडा आणि अंडी घेऊन घरातले कोणीतरी बेकरीत जायचे, तिथे आपल्या डोळ्यांदेखत कालवून घ्यायचे आणि आपले पत्रे भट्टीत जाईपर्यंत जागचे हलायचे नाही. नानकटाई अशीच व्हायची, बिस्किटेही. भट्टीवाला कुठे इराणी, कुठे उत्तरेकडचा मुसलमान. म्हणजे येशूच्या जन्माचा केक मुसलमानाच्या भट्टीत भाजायचा, माळकरी शेजाऱ्यांसाठी त्यातलाच एक बिनअंड्याचा वेगळा काढायचा आणि दोन्हींची अदलाबदल होऊ नये म्हणून एकावर बदामाची खूण करायची. ही खूण विसरली गेली तर काय होते, याच्या कथा प्रत्येक आळीत असतात आणि प्रत्येक कथेत दोष बदामाचा असतो.

इथे पहिला आक्षेप दबा धरून बसलेला आहे: म्हणजे हा नाताळ दिवाळीची नक्कल झाला की! आक्षेप घेणाऱ्याच्या मनात असे असते की खरा, अस्सल नाताळ कुठेतरी युरोप-अमेरिकेत तयार होता, तो मिशनऱ्यांनी पेटीतून आणला आणि इथल्या बायकांनी त्याला तेलात सोडला. पेटी उघडून पाहू. मुंबईत १८१३ मध्ये उतरलेले आणि पुढे १८३१ पासून अहमदनगरला ठाण मांडून बसलेले अमेरिकन मराठी मिशनचे लोक न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतले होते. त्यांच्या पूर्वजांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता आणि तो कायदा १६८१ पर्यंत चालला. त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळची अधिकृत सुट्टी मिळायला १८५६ उजाडले. पुण्यात काम करणाऱ्या स्कॉटिश मिशनऱ्यांच्या मायदेशी तर नाताळ सार्वजनिक सुट्टी झाला १९५८ मध्ये, म्हणजे भारत स्वतंत्र होऊन अकरा वर्षे झाल्यावर. अशा सुतकी चेहऱ्याच्या परंपरेतून आलेल्या सुरुवातीच्या पाद्रीसाहेबांच्या पेटीत नाताळचा फराळ कुठून असणार? त्यांच्या पेटीत व्याकरण होते, औषधे होती, छापखान्याचे टाइप होते. सजवलेले झाडही इंग्लंडच्या सामान्य घरात रुळले ते राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र १८४८ मध्ये लंडनच्या सचित्र वृत्तपत्रात छापून आल्यानंतर. तेही तिच्या नवऱ्याच्या जर्मनीकडचे. तेव्हा नक्कल म्हणायची तर इंग्लंडने जर्मनीची केली, अमेरिकेने इंग्लंडची केली आणि लोणावळ्याच्या हॉटेलाने अमेरिकेची केली. नगरच्या, पुण्याच्या आणि मावळच्या बायकांनी निदान शेजारच्या घराची केली, जिथे चव घेऊन पाहता येत होती.

झाडाबद्दल एवढेच की रोपवाटिकेत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून जे डौलदार झाड विकले जाते ते युरोपातले नव्हे, दक्षिण पॅसिफिकच्या बेटांवरचे अरॉकेरिया असते. परवडत नाही तो सुरूची फांदी आणतो, आणि सुरूचे माहेर ऑस्ट्रेलियाकडचे. त्यावर कापसाचा बर्फ पसरायचा, तो त्या लोणावळ्यात, ज्याला पाऊस शेकड्यांनी नव्हे तर हजारो मिलिमीटरमध्ये मोजावा लागतो आणि बर्फ फक्त गोळ्यात भेटतो.

गोठ्याचा देखावा मात्र वेगळ्या जातीचा पुरावा आहे आणि त्यावर थोडे रेंगाळायला हवे. संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ मध्ये गव्हाणीचा देखावा मांडला, तेव्हापासून ही प्रथा जगभर गेली. ती पुणे जिल्ह्यात आली तेव्हा इथली मुले तिच्यासाठी आधीच तयार होती, कारण दिवाळीत किल्ला करायचा त्यांना सराव होता. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना ज्यांना शाळेच्या खिडकीतून दिसतात त्यांना मातीचा डोंगर कसा रचावा हे शिकवावे लागत नाही. विटा रचायच्या, त्यावर भिजलेले पोते टाकायचे, पोत्यावर चिखल, चिखलात मोहरी किंवा हळीव पेरायचे. दोन महिन्यांनी तेच पोते, तोच चिखल, फक्त मोहरीच्या जागी नाचणी किंवा गहू, म्हणजे नाताळापर्यंत हिरवी कुरणे तयार. मुले कशाला काही वाया घालवतील? बुरुजावरचा पहारेकरी ढाल काढून घेतली की मेंढपाळ होतो. किल्ल्यात वाघ बुरुजापेक्षा मोठा असतो, गोठ्यात मेंढी उंटापेक्षा मोठी असते. प्रमाणबद्धतेच्या बाबतीत दोन्ही धर्मांची मुले सारखीच उदार. काटेकोर मंडळी म्हणतील की हा गोठा शास्त्राला धरून नाही. शास्त्राला धरायचे तर मग पुष्कळच मोडावे लागेल. गव्हाणी आणि मेंढपाळ लूकने सांगितले आहेत, पण गाय आणि गाढव शुभवर्तमानातल्या जन्मकथेत कुठेच नाहीत. पूर्वेकडचे ज्ञानी मत्तयाने आणले, ते तीन होते असे त्यानेही म्हटलेले नाही, आणि त्याच्या कथेत ते गोठ्यात नव्हे तर घरात येतात. म्हणजे जगातल्या सगळ्या गोठ्यांत जास्तीचे लोक घुसलेलेच आहेत. त्यात एक मावळा.

गाण्यांचेही असेच. नाताळच्या आधीच्या रात्रींना तरुण मंडळी घरोघर गात फिरतात, आणि मराठी मंडळीत पेटी, ढोलकी आणि टाळ असतील तर गाणे हमखास भजनाच्या वळणावर जाते. याचे श्रेय मोठ्या प्रमाणात नारायण वामन टिळकांना द्यावे लागते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने परदेशी चालींच्या तुकड्यांवर मराठी शब्द ठोकून बसवण्यापेक्षा अभंग, ओवी, कीर्तन ही इथली साधने ख्रिस्ती उपासनेत रुजवली. तुकारामाच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. ही वाट मावळच्या नकाशावर बोटाने दाखवता येते. इंद्रायणी लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यात उगम पावते, कामशेत, वडगाव, तळेगाव करीत देहूला पोचते. तुकोबांचा भंडारा डोंगर मावळातच आहे. तेव्हा ज्या गावाच्या पाण्यालाच अभंगाची सवय, तिथल्या नाताळ-गाण्यात ‘विठ्ठल विठ्ठल’चा ठेका ऐकू आला तर बिचकण्याचे कारण नाही. बिचकतात ते गाणाऱ्यांच्या वेळेने. ही मंडळी रात्री साडेअकराला दार वाजवतात, तीन कडवी म्हणतात, चहा नको म्हणतात, चहा घेतात आणि पुढच्या दारी जातात. शेवटच्या घरी पोचेपर्यंत पहाट झालेली असते, आवाज गेलेला असतो आणि सहा-सात चहांमुळे झोपही.

कडक मंडळींचा आक्षेप याहून वेगळा असतो आणि तो चर्चच्या आतूनच येतो. बायबलात करंजी कुठे आहे, असे ते विचारतात. कुठेच नाही. केकही नाही, झाडही नाही, लाल डगला नाही, आणि पंचवीस डिसेंबर ही तारीखसुद्धा नाही. ती रोममध्ये चौथ्या शतकात नोंदलेली सापडते, आणि आर्मेनियन चर्च आजही जन्मोत्सव सहा जानेवारीला करते. बायबलात जे नाही ते काढत गेलो तर सणाच्या दिवशी घरात फक्त गर्दी आणि जागेची अडचण उरेल. त्या बाबतीत मात्र लोणावळा शास्त्राच्या अगदी जवळ आहे. खानेसुमारीसाठी लोटलेल्या गर्दीत उतरायला जागा न मिळालेले एक तरुण जोडपे, ही कथा चोवीस तारखेच्या रात्री इथे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. प्रत्येक हॉटेलच्या काउंटरवर ती चालू असते. फरक इतकाच की त्या जोडप्याने आगाऊ बुकिंग केलेले नसते हा दोष त्यांचा धरला जातो. शिवाय शेजाऱ्याचा विचार करून सण बेतणे हे कडक मंडळींना जितके सैल वाटते तितके ते नाही. शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा येशूने दुसऱ्या क्रमांकावर ठेवली आहे, आणि पहिल्या क्रमांकाची आज्ञा तळता येत नाही.

हॉटेलवाल्यांच्या बाजूनेही बोलायला हवे, नाहीतर हा एकतर्फी खटला होईल. बाहेरचे लोक हौसेने टोप्या घालून नाचतात यात कोणाचे बिघडते? कोणाचेच नाही. उलट त्या नाचावर गावाची चूल पेटते, ख्रिस्ती घरांचीसुद्धा. ज्याची त्या रात्री ड्यूटी असते तो मध्यरात्रीच्या मिस्सेला जाऊ शकत नाही, सकाळची उपासना कशीबशी गाठतो आणि तिथे पहिल्या ओळीत बसून डुलक्या घेतो. त्याच्या घरचे खरे जेवण पंचवीसला नव्हे, सव्वीसला होते. मुंबईच्या आत्या आणि मामा पंचवीसला दुपारपर्यंत घाटातच अडकलेले असतात, त्यामुळे सव्वीस त्यांनाही सोयीचा पडतो. हॉटेलचा नाताळ खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. तो एका रात्रीचा आहे, त्याचे बिल येते आणि बिल दिले की हिशेब पुरा होतो, एवढेच. घरच्या नाताळचा हिशेब पुरा होत नाही, ही त्याची मुख्य अडचण आहे आणि त्याकडे मी येतोच.

त्याआधी सव्वीसच्या जेवणातला एक तांत्रिक धोका नोंदवणे भाग आहे. भाताची कापणी आटोपून मावळात नवा इंद्रायणी घरात येतो तो नेमका याच सुमाराला. हे वाण १९८७ मध्ये वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने दिले. त्याच्या रक्तात आंबेमोहर आहे, त्यामुळे वास असा की शेजारी विचारायला येतात आणि चिकटपणा असा की आलेले जायला तयार होत नाहीत. या तांदळाचा साधा भात स्वर्गीय. पण सणाच्या उत्साहात, घरचा आहे म्हणून, कोणी नव्या इंद्रायणीची बिर्याणी लावली तर तिचा मटण घातलेला गुरगुट्या भात होतो आणि मुंबईची आत्या ‘छान झालीय, पण हे काय आहे?’ असे विचारते. मल्याळी घरांत हा धोका नाही. तिथे अप्पम आणि स्ट्यू. त्यातल्या सिरियन परंपरेच्या घरांत एक डिसेंबरपासून पंचवीस दिवसांचे व्रत असते, मांस-मासे बंद. म्हणजे तळेगावच्या एकाच मजल्यावर मार्गशीर्ष पाळणारे मराठी घर आणि नाताळचे व्रत पाळणारे मल्याळी घर समोरासमोर वांग्याची भाजी खात असतात, आणि दोघांच्या मध्ये राहणाऱ्या गोव्याच्या कुटुंबाला सोर्पोतेल शिजवताना दार-खिडक्या लावून घ्याव्या लागतात.

आता कोणी म्हणेल, हे सगळे जुने झाले. आजकाल फराळ बचत गटाकडून येतो, केक ॲपवरून येतो, सोऱ्या माळ्यावर गेला. काही घरांपुरते हे मान्य. पण माझा मुद्दा चकली कोणी पाडली यावर उभा नव्हता, ती कोणाकडे गेली यावर उभा आहे. विकतची चकलीसुद्धा पिशवीसकट शेजारी देता येत नाही. ती ताटलीत मांडावी लागते, वर क्रोशाचा रुमाल घालावा लागतो आणि ‘घरचीच आहे’ असे खोटे बोलावे लागते. सणाच्या दिवशी एवढे पाप पाळकही मनावर घेत नाहीत.

आणि ताटली गेली की ती रिकामी परत येत नाही, हा अलिखित कायदा लागू होतो. पाश्चात्य चर्चच्या जुन्या रिवाजाने नाताळचा काळ सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाबरोबर आटोपतो. मावळात तो तसा आटोपत नाही, कारण त्या तारखेला निम्म्या ताटल्या अजून शेजाऱ्यांच्या मांडणीत असतात. शेजारणीला त्यात घालायला काहीतरी हवे, आणि मार्गशीर्ष-पौषात तिच्याकडे सणाचे काही नसते. म्हणून ती संक्रांतीपर्यंत थांबते. मग तिळगूळ येतो, गुळाची पोळी येते, हळदीकुंकवाला बोलावणे येते आणि वाण म्हणून स्टीलची एक वाटी जास्तीची येते, जी पुढच्या नाताळला कलकल भरून तिसऱ्याच घरी जाते. नव्या भांड्यावर नाव कोरून घेण्याची आपली पद्धत असल्यामुळे कोणत्याही ख्रिस्ती घराची मांडणी पाहिली तर शेजारच्या तीन पिढ्यांची लग्ने, बारशी आणि कैलासवासी आजे-पणजे तारखांसह वाचता येतात; इतका सबळ पुरावा कोर्टातही सहसा मिळत नाही. एखादी ताटली मात्र संक्रांतही चुकवते. ती येते होळीला, पुरणपोळी घेऊन, तुपाची वाटी वेगळी. होळी येते चाळीस दिवसांच्या उपासकाळात, आणि त्या घरची बाई नेमकी गोड सोडून बसलेली असते. मार्गशीर्षात बदामाची खूण असलेल्या केकपुढे शेजारीण ज्या प्रश्नात पडली होती, त्याच प्रश्नात आता ही पडते, आणि शेजारीण दारातच उभी असते, ‘गरम आहे तोवर खा’ म्हणत.